काळ्या मातीत स्वतः शहाबादी फरशी बसवता येईल का?

तुमची जागा 10 बाय 12 फूट, माती काळी, आणि गवंडी न लावता परसात बसायला फरशी करायची आहे. नक्की जमेल. फक्त काळ्या मातीवर सरळ फरशी टाकू नका. पहिल्या वेळी मी तेच केलं होतं. वरची माती चोपून सिमेंटचा माल पसरला आणि फरशा बसवल्या. पावसाळ्यात माती फुगली, कोपरे उचलले गेले. उन्हाळ्यात तीच माती भेगाळली आणि माल तुटला. सगळं उपटताना दोन फरशा मोडल्या, कारण माल त्यांना धरून बसला होता.

म्हणून निम्म्याहून जास्त वेळ खाली द्या. साडेनऊ इंच खोदा: 6 इंच मुरूम, 2 इंच कच (दगड फोडताना निघणारा बारीक चुरा) आणि दीड इंचाची फरशी. 6 इंच दाबलेल्या मुरमासाठी सुटा मुरूम साधारण पाऊण ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो. तो एकदम ओतायचा नाही. दोन-दोन इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस, म्हणजे जमीन ठोकायचं जड अवजार, मारायचं. टाच रोवून दाबली तरी खड्डा पडत नाही, इतकं घट्ट हवं. माझे यातच दोन दिवस गेले आणि हात भरून आले, पण या टप्प्यावर घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

उतार घराकडून बाहेर, 10 फुटांना 2 इंच. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, नळीत एकही बुडबुडा राहू देऊ नका. उतार मुरमालाच द्या, कचीचा थर सगळीकडे सारखा ठेवा. घराच्या जोत्याच्या माथ्यापेक्षा फरशी निदान 6 इंच खाली असू द्या, नाहीतर भिंतीला ओल धरेल. काटकोन गुण्याने तपासा. गुण्या नसेल तर कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट दोरीवर मोजा; त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर 5 फूट आलं की काटकोन बरोबर.

2 बाय 2 च्या 30 फरशा लागतील, तीन-चार जास्तीच्या आणा. पॉलिश नको, खरखरीत घ्या, पावसात घसरत नाही. एकेक फरशी 35 किलोच्या वर भरते, तेव्हा उचलायला दुसरं माणूस हवंच. जाडी सारखी नसते, त्यामुळे प्रत्येकीखाली कच कमी-जास्त करावी लागते. रबरी हातोड्याने ठोका. पोकळ आवाज आला की उचलून पुन्हा बसवा.

काळ्या मातीत फरशीखाली सिमेंट घालू नये, असं माझं ठाम मत आहे. खालची माती थोडीफार हलणारच. कचीवरची फरशी हलली तर पहारीने उचलून अर्ध्या तासात परत बसते. सांधेही अर्ध्या इंचाचे ठेवून कचीनेच भरा. सिमेंट फक्त कडेला, उभ्या विटांच्या ओळीत. ती ओळ नसेल तर पहिल्याच जोराच्या पावसात कच वाहून जाते.

कापायची वेळ आली तर दगडावर पाणी सोडत कापा आणि तोंडाला मास्क लावा. पुढे डाग पडले तरी ॲसिड ओतू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं.

सांधे भरण्याआधी दोन बादल्या पाणी ओतून पाहा. कुठे साचतंय ते लगेच कळतं, आणि तेव्हा दुरुस्ती सोपी असते.