मावसबहीण चार दिवसांपासून बेपत्ता आहे, घरचे तक्रार द्यायला नको म्हणतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बहीण 22 वर्षांची, रविवारी सांगलीला क्लासला म्हणून निघाली ती परत आलीच नाही. फोन बंद. घरचे म्हणतात आठवडाभर वाट बघू, बोभाटा नको. थांबावं का, आणि पोलिसांनी काही केलं नाही तर सीबीआय चौकशी मागता येते का, असं विचारलंय.

थांबू नका. एवढं वाचून उठा आणि ठाण्यात जा. बाकीचं तिथल्या बाकड्यावर बसून वाचा, तिथं वेळच वेळ मिळतो.

आता मी एवढी तावातावानं का लिहितेय ते सांगते.

फेब्रुवारी 2015. तासगाव तालुक्यात आमचं गाव, थोडी द्राक्षबाग. ताई 24 ची होती. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहायला जायची. मंगळवारी सकाळी नेहमीच्या एसटीनं गेली. जाताना स्वयंपाकघरात डोकावून आईला म्हणाली, "येताना पापडखार आणते, उडदाचं पीठ आजच दळून ठेव." संध्याकाळची एसटी आली, रात्रीची मुक्कामी एसटी आली, ताई आली नाही. आण्णा तेव्हा बागेत होते, माल उतरायचा दिवस, व्यापाऱ्याची गाडी उभी. त्यांना रात्री नऊला कळलं.

आण्णा त्याच रात्री ठाण्यात निघाले होते. चप्पल घातलेली होती पायात. थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, दारात आडवे उभे राहिले. "आरं, धाकटीचं जमत आलंय. आठ दिवस कळ काढ. गेली असंल तर येईल की, न्हाई आली तर मग बघू." धाकटी म्हणजे मी. माझं स्थळ आलेलं, पुढच्या रविवारी याद्या व्हायच्या होत्या. आण्णांनी चप्पल काढली.

गावात सांगितलं, ताई आत्याकडे गेलीय. आणि दुसऱ्या दिवशी अडत दुकानातल्या दिवाणजींचा फोन आला तो मी उचलला. ताई आज आली नाही, बरं आहे ना, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, ताप आलाय. ते म्हणाले, "बरं बरं, विश्रांती घेऊ दे. परवा एक बाई विचारत आलेली तिला, तेवढं सांगा." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. कोण बाई, कशी होती, किती वाजता आली, एक शब्द विचारला नाही. ताप आलेल्या मुलीची बहीण असलं काही विचारत नाही ना.

नवव्या दिवशी मिसिंग दाखल केली. पोलीस दुकानात गेले तेव्हा कॅमेरा होता, पण सात दिवसांच्या वर जुनं त्याच्यात राहत नव्हतं, नवं रेकॉर्डिंग त्याच्यावरच चढत होतं. दिवाणजींना आठवत होतं एवढंच की बाई चाळिशीची होती, हातात पिशवी होती. आता यार्डात पिशवी नसलेली बाई दाखवा मला. मोबाईलचं शेवटचं लोकेशन मिरजेचं निघालं, मंगळवारी दुपारचं. मिरज जंक्शनवरून पुण्याकडे जा, कोल्हापूरकडे जा, बेळगावकडे जा, नाहीतर पंढरपूरकडे. नऊ दिवसांत माणूस कुठे जाईल आणि कोण कुणाला कुठे नेईल! ताई आजपर्यंत सापडलेली नाही.

मिसिंगच्या कागदाबद्दल सांगते, कारण तुम्हालाही तो भरावा लागणार. त्यात वर्णन असतं: उंची, बांधा, रंग, चेहरा उभट की गोल, अंगात नेसणीस काय, पायात काय, बोलीभाषा कोणती. नेसणीसमध्ये आई म्हणाली मोरपंखी पंजाबी ड्रेस, आण्णा म्हणाले हिरवा, मला वाटत होतं तो ड्रेस तर वाळत होता. नऊ दिवसांत हेसुद्धा आमच्या हातून गेलं होतं. आणि खाली ठाणे अंमलदारांनी न विचारताच लिहून टाकलं, 'राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता निघून गेली आहे.' हे वाक्य तुम्ही पेपरात शंभर वेळा वाचलं असेल. मी म्हटलं, साहेब, ती सांगून गेली होती. कामाला जाते म्हणून, आणि पापडखार आणते म्हणून. ते म्हणाले, "ताई, असंच लिहायचं असतं." तात्या माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी गप्प बसले. ते वाक्य आजही तसंच आहे त्या कागदावर.

म्हणून तुमचा जबाब लिहून घेतला की स्वतः वाचा. सांगून गेली असेल तर 'सांगून गेली' हेच लिहायला लावा. नुसती निघून गेलेली सज्ञान मुलगी ही पोलिसांच्या लेखी मिसिंगची नोंद असते, गुन्हा नसतो, आणि नोंदीमागे कुणी धावत नाही. मुलगी 18 च्या आतली असती तर थेट अपहरणाचा गुन्हा दाखल करावाच लागतो, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं तसं बजावलंय. 22 च्या मुलीसाठी तुम्हाला संशय मांडावा लागतो: कुणाचे फोन येत होते, कुणी पाठलाग करत होतं का, पैशाचं काही होतं का. लाजून काही लपवू नका. प्रेमप्रकरण असेल तर तेही सांगा. 'चोवीस तास थांबा' असा कुठलाही कायदा नाही, आणि 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हेही चालत नाही. गुन्हा घेतलाच नाही तर लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं एसपींना पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आहे ते, त्याचं चौथं पोटकलम. प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच घ्या. आमच्या आण्णांकडे खताच्या पिशवीत असल्या पोचांचा गठ्ठा होता.

सीबीआयचं मात्र डोक्यातून काढा. हायकोर्ट तसा आदेश देऊ शकतं, पण चौथ्या दिवशी त्याच्या मागे लागणं म्हणजे विहीर सोडून धरणावर पाणी भरायला जाणं. हेबियस कॉर्पसचा, म्हणजे 'माणसाला कोर्टासमोर हजर करा' म्हणून हायकोर्टात करायच्या अर्जाचा विचार करा, त्यात पोलिसांना कोर्टासमोर उभं राहून सांगावं लागतं की शोधायला काय काय केलं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली-साताऱ्याची प्रकरणं तिथं चालतात.

'गेली असेल कुणाबरोबर' म्हणणाऱ्या पाहुण्यांना अश्विनी बिद्रेंचं नाव सांगा. आपल्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यातली बाई, स्वतः पोलीस अधिकारी. 11 एप्रिल 2016 ला बेपत्ता झाली. गुन्हा दाखल व्हायला 2017 चा जानेवारी उजाडला, अटक व्हायला डिसेंबर. देह कधीच मिळाला नाही, तरी एप्रिल 2025 मध्ये पनवेलच्या कोर्टानं तिच्या खुनासाठी एका पोलीस निरीक्षकालाच जन्मठेप दिली. घरच्यांनी पाठ सोडली नाही म्हणून झालं ते. आणि साताऱ्यात वाईजवळ धोमला 2016 च्या ऑगस्टमध्ये खून करून पुरलेले मृतदेह काढायला खोदकाम झालं, तेव्हा ज्या बायकांचा उलगडा झाला त्यातली एक 2003 पासून बेपत्ता होती. तेरा वर्षं. तिच्याबद्दलही कुणीतरी म्हटलंच असेल, गेली असेल म्हणून.

माझं ते स्थळ तर मोडलंच. नवव्या दिवशी नाही, पाचव्या दिवशीच, त्यांना बाहेरून कळलं. नंतर माझं लग्न झालं ते सगळं माहीत असलेल्या घरात, पहिल्या भेटीत मीच सांगितलेलं. तात्या अजून म्हणतात, "तुझ्यासाठीच केलं की गं." माझ्या नावावर हे खपवू नका तात्या. चार माणसांत मान खाली जाईल म्हणून केलं तुम्ही. आणि मी ताप आल्याचं सांगितलं ते माझ्या नावावर आहे, ते मी नाकारत नाही.

2021 मध्ये आण्णा गेले. तोवर कृष्णेत कुठे अनोळखी मयत सापडलं की पेपर वाचून स्वतः बघायला जायचे, कधी मिरजेला, कधी पार कराडला. घरी आल्यावर बाहेरच आंघोळ करायचे आणि आईला मान हलवून नाही म्हणायचे. वारस नोंदीच्या वेळी तात्या म्हणाले, थोरलीचं नाव कशाला घालताय, सात वर्षं होत आली, कोर्टातून मयत करून घेऊ. तसं होतं हे खरं आहे, सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कायदा मेलेला धरू शकतो. मी तलाठी कार्यालयात सांगितलं, तीन वारस लिहा, आई आणि दोन मुली, दोन्ही हयात. आज आमच्या सातबाऱ्यावर ताईचं नाव आहे. तात्या त्यानंतर सहा महिने बोलत नव्हते, चांगले गेले ते सहा महिने.

एक राहिलं, आणि हे आधी सांगायला हवं होतं. तुमची बहीण स्वतःहूनही गेलेली असू शकते. पुष्कळ मुली जातात, घर सहन होत नाही म्हणून जातात. सापडली आणि यायचं नाही म्हणाली तर सज्ञान मुलीला ओढून आणायचा हक्क कुणालाच नाही, पोलिसांना नाही आणि मावशीलाही नाही. पण ती सुखरूप आहे एवढं तिच्या तोंडून ऐकायला तरी तक्रार द्यावी लागेल. आणि माझा अनुभव 2015 चा आहे, सगळीच ठाणी तशी नसतात. आमचे दुसरे तपासी अंमलदार भला माणूस होता, बदली झाल्यावरही फोन करायचा.

ठाण्यात जाताना तिचा अलीकडचा फोटो, आधार, मैत्रिणींचे नंबर आणि मोबाईलचं खोकं घेऊन जा. खोक्यावर आयएमईआय नंबर असतो, दुसरं सिम घालून फोन चालू केला तरी त्यावरून माग लागतो. खोकं कुणी फेकत नाही, कपाटावर बघा. आमच्या ताईच्या मोबाईलच्या खोक्यात आई सुया-दोरे ठेवायची. आम्हाला ते तिसऱ्या आठवड्यात आठवलं.