वाचक विचारतात : गेम ओव्हरचं चित्र

प्रश्न : पदवीच्या प्रकल्पासाठी आम्ही युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मोबाइलचा टू-डी गेम करतोय. रात्री किल्ला चढणारी मुलगी कड्यावरून पडते, टाक्यात बुडते किंवा मधमाश्यांच्या तावडीत सापडते. तिन्हींच्या गेम ओव्हर स्क्रीन मी काढतेय. पहिली १९२० × १०८० मध्ये काढली, तर फोनवर वरून-खालून कापली गेली आणि आकाशात पट्टे दिसायला लागले. काय चुकलं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमचं चित्र १६:९ आहे, हल्लीचे बरेच फोन २०:९ च्या आसपास. रुंदी भरायला चित्र ताणलं की उंची कापली जाणारच. चित्राचा कॅनव्हास २४०० × १०८० घ्या आणि मुलगी, मजकूर, बटण मधल्या १४४० पिक्सेलमध्ये बसवा, म्हणजे ४:३ च्या टॅबवरही काही हरवणार नाही. कडेला नुसतं आकाश आणि तटबंदी. युनिटीच्या कॅनव्हास स्केलरमध्ये (पडद्याप्रमाणे मांडणी लहान-मोठी करणारी सोय) ‘स्केल विथ स्क्रीन साइझ’ निवडून रेफरन्स १९२० × १०८० ठेवा आणि ‘मॅच’ पूर्ण हाइटकडे, म्हणजे १ वर. एक मेख आहे : युनिटी टेक्स्चरचा (आत घेतलेल्या चित्राचा) मॅक्स साइझ आपोआप २०४८ धरते, त्यामुळे २४०० चं चित्र गुपचूप लहान होऊन धुरकट दिसतं. तो ४०९६ करा.

तीन संपूर्ण चित्रं काढू नका. कॉम्प्रेशनशिवाय एका चित्राला सुमारे १० एमबी मेमरी लागते. रात्रीची पार्श्वभूमी एकच ठेवा आणि त्यावर तीन वेगळे पारदर्शक पीएनजी. युनिटीत त्यांच्या सेटिंगमध्ये ‘अल्फा इज ट्रान्स्परन्सी’वर टिक नसेल तर त्यांना पांढरट कडा येते.

पट्ट्यांचं कारण गणिती आहे. गडद निळ्यापासून जरा कमी गडद निळ्यापर्यंत जेमतेम २० छटा असतील आणि त्या १०८० पिक्सेलवर पसरल्या, तर एकेक पट्टा ५४ पिक्सेलचा होतो. कॉम्प्रेशन तो आणखी ठळक करतं. आकाशाच्या लेयरवर २-३ टक्के नॉइज (बारीक दाणेदारपणा) घाला आणि फक्त पार्श्वभूमीचं कॉम्प्रेशन ‘नन’ करा. सावल्या ठार काळ्या नकोत. उन्हात फोन धरला की काहीच दिसत नाही.

आता चित्राबद्दल. ही स्क्रीन खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा बघायची आहे. रक्त नि कवट्या दुसऱ्यांदाच कंटाळवाण्या होतात (परीक्षकांनाही). त्यापेक्षा काय झालं ते एका नजरेत कळू द्या. कड्यासाठी निसटलेला दगड आणि खाली गेलेल्या टॉर्चचा झोत पुरे, मुलगी दिसायलाच नको. टाक्यात पाण्याची वलयं आणि तरंगती ओढणी. मधमाश्यांच्या वेळी मात्र मुलगी हवी : ओढणीत डोकं गुंडाळून उकिडवी बसलेली. माश्या सुट्या काढत बसू नका, लहान पडद्यावर तो कचरा वाटतो. तिच्याभोवती एक दाट ढग आणि कडेला दहाबारा ठिपके बस्स. चित्र २४० पिक्सेल रुंदीला लहान करून कृष्णधवल करा. तरीही तिन्ही वेगवेगळी ओळखू आली तर जमलं.

प्रश्न : ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे टेक्स्टमेशप्रोमध्ये (युनिटीत मजकूर दाखवायच्या सोयीत) लिहिलं तर जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट बदलूनही तेच.

उत्तर : फॉन्टचा दोष नाही. टेक्स्टमेशप्रो अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवतं. जोडाक्षर घडवणं किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणं त्याला जमत नाही. ठरलेला मजकूर इंकस्केप या मोफत चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मुक्त’ किंवा ‘बलू’सारख्या मोफत युनिकोड फॉन्टमध्ये लिहा आणि पारदर्शक पीएनजी म्हणून आणा. जुन्या फोटोशॉपमध्ये लिहिणार असाल तर टाइपच्या सेटिंगमध्ये आधी ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा, नाहीतर तिथेही हाच गोंधळ. गुणांचे आकडे बदलते असले तरी अडचण नाही, अंकांना जोडाक्षर नसतं. फक्त ०-९ हे देवनागरी अंक फॉन्ट ॲसेटमध्ये (टेक्स्टमेशप्रोसाठी फॉन्टपासून बनवलेल्या फाइलमध्ये) घ्यायला विसरू नका. युनिटीऐवजी गोडो ४ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना जोडाक्षरांची ही कटकट नाही.

प्रश्न : स्क्रीन हळूहळू उमटण्याचं ॲनिमेशन बनवलं, पण ते चालतच नाही.

उत्तर : गेम थांबवायला टाइमस्केल (खेळातल्या वेळेचा वेग) शून्य केला असणार, मग ॲनिमेशनही थांबतं. ॲनिमेटरचा अपडेट मोड ‘अनस्केल्ड टाइम’ करा. उमटायला ०.४ सेकंद पुष्कळ. बटण मात्र ०.६ सेकंदानंतरच चालू करा, कारण मरताना खेळणारा उडी मारायला पडदा बडवत असतो आणि चित्र दिसण्याआधीच नवा डाव सुरू होतो.