हौसेचा स्वयंपाक आणि रोजचा स्वयंपाक

‘घरी रांधायला वेळच मिळत नाही, आठवड्यातले चार-पाच दिवस जेवण बाहेरून येतं. मुलांचं काही नुकसान तर होत नाही ना?’ नवी मुंबईत समुपदेशनासाठी येणाऱ्या आई-वडिलांसोबत काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. आई विचारते तेव्हा शेवटी एक वाक्य हमखास येतं, ‘मी आई म्हणून कमी पडतेय.’ वडील विचारतात तेव्हा शेवटी येतं, ‘मला ते जमत नाही.’ घरची परिस्थिती तीच, नोकरीचे तासही तेच. पण ती स्वतःला दोष देते आणि तो स्वतःला त्यातून बाहेर काढतो. दोन्हींमुळे ताटात काही वाढलं जात नाही, म्हणून मी दोन्ही वाक्यांपाशी फार रेंगाळत नाही.

एका वडिलांबरोबर झालेलं काम इथे मांडते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ नेरूळला राहतात, महापेच्या एका कंपनीत काम करतात. पत्नी बँकेत अधिकारी. तिला बढती मिळाली आणि बदली झाली नागपूरला. मुलगी चौथीत. सकाळी मावशी येऊन पोळ्या आणि डब्याची भाजी करून जातात, शाळा सुटली की मुलगी सोसायटीतल्याच एका काकूंकडे थांबते. घडी तशी बसली होती. फक्त संध्याकाळ मोकळी पडली होती, आणि ती मोबाइलवरच्या ऑर्डरने भरली जात होती. एक दिवस मुलगी फोनवर आईला म्हणाली, ‘आज पण बाहेरचंच.’ आई पलीकडे रडली. त्या रात्री दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले.

‘मॅडम, तिने बढती सोडून परत यावं का, एवढंच ठरवायचंय,’ ते म्हणाले. ‘ती तयार आहे.’

ती तयार होती, आणि मला काळजी त्याचीच वाटली. इतक्या वर्षांच्या कष्टाने मिळालेली जागा रात्रीच्या जेवणावरून सुटणार होती, आणि दोघांनाही ते स्वाभाविक वाटत होतं. बढतीचा निर्णय काही महिने बाजूला ठेवू या, असं मी सुचवलं. जेवणाचा प्रश्न आधी जेवणाचा म्हणूनच सोडवून पाहू.

पहिल्या आठवड्यात त्यांना स्वयंपाक करायला सांगितलाच नाही. रोज एवढंच लिहून ठेवायचं होतं, की आज काय जेवायचं हे किती वाजता ठरलं. वही उघडली तर सगळ्या नोंदी रात्री आठनंतरच्या. कोपरखैरणेहून लोकल पकडायची, नेरूळला उतरायचं, मुलीला घ्यायचं, दार उघडायचं आणि मग विचार करायचा. तोवर मुलगी भुकेने कावलेली, स्वतः थकलेले, हातात फोन. अशा वेळी कुणीही ऑर्डरच करेल. म्हणजे अडचण स्वयंपाक न येण्याची नंतरची होती, त्याआधी निर्णय दिवसातल्या सगळ्यांत वाईट वेळी घेतला जात होता.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलेली एक साधी गोष्ट इथे उपयोगी पडते. ‘मी उद्यापासून घरी जेवण करेन’ असा नुसता निश्चय सहसा टिकत नाही. ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं एखाद्या ठरावीक क्षणाशी बांधून घेतलं, तर पाळलं जाण्याची शक्यता वाढते. आम्ही क्षण निवडला रात्रीची ताटं उचलल्यानंतरचा. ताटं सिंकमध्ये गेली की उद्या काय, हे ठरवायचं आणि त्याची डाळ, तांदूळ किंवा पीठ ओट्यावर काढून ठेवायचं. मग दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर ठरवण्यासारखं काही उरत नाही.

दरम्यान त्यांनी स्वतःहून एक उत्साह दाखवला होता. रविवारी व्हिडिओ बघून पनीर बटर मसाला केला. सामान आणण्यापासून तीन तास गेले. चव छान झाली, मुलगी खूश, फोटो नागपूरला गेला. ओटा, मिक्सर, चार पातेली आवरता आवरता रात्रीचे अकरा वाजले. सोमवारी पुन्हा ऑर्डर. ‘बघा, वेळ कुठून आणू?’ असं त्यांनी विचारलं.

या ठिकाणी मी जरा जास्त वेळ थांबले, कारण स्वयंपाक शिकायला निघालेले बरेच जण, विशेषतः पुरुष, इथेच अडकतात. हौसेच्या स्वयंपाकात एक पदार्थ असतो, मोकळी दुपार असते, कौतुक असतं. रोजच्या स्वयंपाकाचं बरंचसं काम डोक्यात चालतं. घरात काय आहे, काय संपत आलंय, कोथिंबीर उद्यापर्यंत टिकेल का, कढीपत्ता आहे का. मी त्यांना मटकीच्या उसळीचं उदाहरण दिलं. मंगळवारी रात्री उसळ हवी असेल तर मटकी सोमवारी सकाळी भिजत घालायची. रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायची. आपल्याकडच्या दमट हवेत मंगळवारी सकाळी मोड दिसले की फ्रिजमध्ये टाकायची, नाहीतर संध्याकाळपर्यंत वास येतो. प्रत्यक्ष गॅसवरचं काम वीस मिनिटांचं. पण आठवण दोन दिवस ठेवावी लागते.

ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘म्हणजे ती हे रोज डोक्यात ठेवत होती?’

मी फक्त मान डोलावली. हे त्यांनी घरी तिला फोनवर सांगावं, एवढंच सुचवलं.

पुढचे काही आठवडे नवा पदार्थ बंद. आठवड्यातले तीन दिवस घरचं जेवण, बाकी जे होईल ते. आणि चारच गोष्टी आलटून पालटून करायच्या: मुगाच्या डाळीची खिचडी, आमटी-भात, पिठलं-भात आणि उसळीबरोबर मावशींच्या सकाळच्या पोळ्या. दोघांपुरती खिचडी म्हणजे अर्धी वाटी तांदूळ, त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त मूगडाळ, अडीच-तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ. फोडणीसकट सगळं कुकरमध्येच, तीन शिट्ट्या. आमटी-भाताला कुकरच्या एका भांड्यात तूरडाळ आणि दुसऱ्यात तांदूळ. शिट्ट्या होईपर्यंत कपडे बदलून मुलीचं दप्तर बघून होतं. पिठल्याला तर भिजवायचीही गरज नाही. बेसन, कांदा, मिरची, लसूण घरात असलं की भात होता होता ते तयार. तूरडाळ एकदा लावताना दुप्पट लावायची, निम्मी साधीच डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी तिला ताजी फोडणी. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर किंवा नुसती काकडी. चटणी-लोणचं आहेच.

‘एवढंच?’ हा प्रश्न ते दोन-तीनदा विचारत राहिले. त्यांच्या मनात त्यांच्या आईचं ताट होतं: दोन भाज्या, वरण, भात, पोळ्या, कोशिंबीर, वर काहीतरी तळण. त्या ताटामागे दिवसभर घरात राबणारी एक बाई होती, आणि तिला दुसरा काही पर्याय दिला गेला नव्हता. त्या मापाने नोकरी करणारं कोणतंही घर कमीच पडणार. डाळ-तांदळाची खिचडी, बरोबर दही आणि काकडी हे नऊ वर्षांच्या मुलीसाठी चांगलं, पूर्ण जेवण आहे. त्याला कमी लेखायचं कारण नाही.

बाहेरच्या जेवणाबद्दलही त्यांना सरळ सांगितलं. आठवड्यातून एखाद-दोन वेळा मागवलेल्या जेवणाने मुलांचं काही बिघडत नाही. रोज मागवलं तर मीठ आणि तेल किती पडतं हे आपल्या हातात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून कमी मीठ सांगते. मुलांना त्याहून कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही मीठ मर्यादित ठेवा आणि जास्त चरबी-साखरेचे, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करा असं सांगितलं आहे. घरी तीन दिवस जेवलं तरी त्या दिशेने बरंच अंतर कापलं जातं.

मग मुलीचा नकार आला, आणि तो येणारच होता. ‘शी, परत खिचडी.’ ताट पुढे ढकललं. वडिलांचा धीर सुटला आणि पिझ्झा आला. पुढच्या आठवड्यात हेच दोनदा झालं, म्हणजे काय केल्याने पिझ्झा येतो हे मुलीला नेमकं कळलं.

मुलांच्या खाण्यावर काम करणाऱ्या अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली जबाबदारीची वाटणी मला आपल्या घरांतही फार उपयोगी वाटते. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आम्ही त्यात भर घातली ती इतकीच, की पानात तिला आवडणारी एक साधी गोष्ट रोज असेल, पोळी किंवा दही. तिने दोन घास खाल्ले तर दोन. आग्रह नाही, धाक नाही, ‘एवढं खाल्लंस तर मोबाइल’ हे तर नाहीच. आणि वेगळं काही मागवायचं नाही. नवा पदार्थ स्वीकारायला मुलांना तो आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावा लागतो. दोनदा नाकारल्यावर ‘तिला आवडतच नाही’ असं आपण ठरवून टाकतो, ते फार लवकर होतं. शनिवारी ती बाबांबरोबर स्टेशनजवळ भाजी घ्यायला जाऊ लागली. शेंगा तिने निवडायच्या, दरही तिनेच विचारायचा. स्वतः आणलेल्या शेंगा आमटीत पडल्या तेव्हा तिने त्या वेचून वेचून खाल्ल्या.

पत्नीशी मी दोनदा व्हिडिओवर बोलले. ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि पहिलं वाक्य असायचं, ‘आज काय केलंस?’ प्रेमापोटीच. पण त्यांना ती तपासणी वाटायची, आणि खिचडी सांगताना आवाज खाली जायचा. तिला मी हा प्रश्न महिनाभर न विचारण्याची विनंती केली. तिला ते जड गेलं. ‘मग मी त्या घरात आहे कुठे?’ असं ती म्हणाली. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मुलीशी बोलायला शाळा होती, मैत्रिणी होत्या, तिचं नागपुरातलं ऑफिस होतं. जेवणाखेरीजही आई असता येतं, हे ऐकून तिला आधी दुखावल्यासारखं झालं आणि नंतर, तिच्याच शब्दांत, ‘हलकं वाटलं’.

जुलैत पाऊस धरून बसला. लोकल रखडायच्या, घरी पोचायला नऊ वाजायचे. सलग चार दिवस जेवण बाहेरून आलं. ते आले ते ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणतच. त्यांना मी लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. खिचडीचं सामान काढून ठेवणं त्या रात्री पुन्हा सुरू झालं, आणि पावसाळी दिवसांसाठी थालीपीठाची भाजणी घरात आली.

दिवाळीच्या आसपास आठवड्यातले चार-पाच दिवस जेवण घरी होऊ लागलं होतं. शुक्रवारी ते अजूनही मागवतात, आणि मी ते बंद करायला कधी सांगितलं नाही. बढतीच्या प्रश्नावर आम्ही शेवटी परत आलो, तेव्हा पत्नीने नागपूरची मुदत पूर्ण करायचं ठरवलं. एक भांडण मात्र नव्याने उभं राहिलं. सुट्टीत घरी आल्यावर तिने डब्यांची जागा बदलली, आणि सोमवारी संध्याकाळी त्यांना हिंग सापडेना. त्यांनी चिडून फोन केला. ती म्हणाली, ‘स्वयंपाकघर माझं आहे.’ ते म्हणाले, ‘रोज मी उभा असतो तिथे.’ यावर एक पूर्ण सत्र गेलं. ठरलं असं, की ती इथे असताना तिला वाटलं तर ती करेल, नाही वाटलं तर तेच करतील, आणि डबे त्यांना सापडतील तिथेच राहतील.