नरक्याच्या झाडाला एवढी मागणी का आहे? आमच्या रानातली झाडं विकावीत का?

तुमच्या चंदगडकडच्या मालकी रानात नरक्याची काही झाडं आहेत आणि जळणापेक्षा बरा भाव देऊन ती मुळासकट काढून न्यायला व्यापारी तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मुळासकट तर अजिबात देऊ नका.

मागणीचं कारण कॅम्प्टोथेसिन. हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं (वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे फार जणांना माहीत नसतं). पुढे १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यातही सापडलं, आणि चिनी झाडापेक्षा बरंच जास्त. त्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं बनतात. पण जास्त म्हणजे तरी किती? किलोभर सुक्या सालीत साधारण तीन ग्रॅम. त्यामुळे लागतो तो माल टनावारी.

खरी गोची पुढे आहे. हिरड्याची फळं वेचली तरी झाड उभं राहतं. इथे खोड, साल आणि मूळ हाच माल. बुंधा राखून तोडलं तर नरक्याला फुटवे येतात, पण मुळातही द्रव्य भरपूर म्हटल्यावर खणणारा बुंधा कशाला ठेवेल? शिवाय आधी जाड झाडं जातात, म्हणजे बी धरणारीच जातात.

चोरटी तोड पकडणंही अवघड. झाड उभं असताना फांदीच्या टोकाला पानांचा झुबका आणि पावसाळ्यात दुर्गंधी येणारी पांढुरकी फुलं, यावरून कोणीही ओळखेल. पण जप्त केलेल्या मालाची पोती मी पाहिली आहेत. आत नुसत्या फिक्या, सुक्या ढलप्या. रायवळ जळणात मिसळल्या तर मलाही ओळखता आल्या नसत्या. मालकी रानातली तोड म्हणूनच सोयीची पडते, जळणाच्या नावाखाली सगळं निघून जातं. दोडामार्ग-सावंतवाडीकडे तर काजू आणि रबरासाठी अख्खा डोंगरउतारच साफ होतो, त्यात नरक्या होता की नव्हता हे बघायला कोणी जात नाही.

झाड न तोडता हे द्रव्य मिळावं म्हणून टिश्यू कल्चरवर (प्रयोगशाळेत झाडाच्या पेशी वाढवण्यावर) काम चालू आहे. झाडाच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतही हे द्रव्य मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तुमच्या दारातला व्यापारी प्रयोगशाळेसाठी थांबणार नाही.

मालकीचं झाड असलं तरी तोड आणि वाहतूक याबद्दल आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी विचारा. वाहतुकीच्या पासाशिवाय माल वाटेत पकडला गेला तर चौकशी तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येते, व्यापारी फोन उचलत नाही. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिलाही कळवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने व्यापारासाठी माल नेणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार तिला आहे.

पैशांची नड असेल तर पावसाळ्यानंतर जांभळी-काळी पिकलेली फळं गोळा करून बी विकत घ्याल का, असं जवळच्या रोपवाटिकेला विचारून बघा. फार पैसे मिळणार नाहीत, पण पुढच्या वर्षी पुन्हा मिळतील.