एलडीडी सगळं ठीक दाखवते, तरी प्रोग्राम उघडत नाही

प्रश्न : क्यूटी ६ (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायची लायब्ररी) वापरून सी प्लस प्लसमध्ये एक छोटा फोटो-कॅटलॉग तयार केला. माझ्या लिनक्सवर छान चालतो. मैत्रिणीच्या मशिनवर मात्र ‘एक्ससीबी’ प्लगइन (क्यूटीला पडद्यावर खिडकी दाखवायला लागणारा जोडभाग) लोड होत नाही असं सांगून बंद पडतो. तिथे एलडीडी (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या सापडतात का ते दाखवणारी आज्ञा) चालवली, एकाही लायब्ररीपुढे ‘नॉट फाउंड’ नाही. मग अडतंय कुठे?

उत्तर : एलडीडी तिच्या मशिनवर चालवलीत हे फार चांगलं केलंत. स्वतःच्या मशिनवर सगळं सापडणारच. पण एलडीडीला दिसतात त्या फाइलमध्ये ‘नीडेड’ म्हणून नोंदलेल्या लायब्रऱ्या, आणि पुढे त्यांना लागणाऱ्या. प्रोग्राम सुरू झाल्यावर डीएलओपनने (चालू असताना लायब्ररी उघडणाऱ्या फंक्शनने) जे उघडतो, ते या यादीत येत नाही. एक्ससीबी प्लगइन नेमकं तसंच उघडलं जातं. म्हणून आता एलडीडी थेट प्लगइनवर चालवा. क्यूटीच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये ‘प्लॅटफॉर्म्स’ आहे, त्यात लिबक्यूएक्ससीबी डॉट एसओ ही फाइल मिळेल. माझा संशय लिबएक्ससीबी-कर्सर या लायब्ररीवर आहे. क्यूटी ६.५ पासून ती लागतेच, आणि नव्या इन्स्टॉलेशनवर ती बरेचदा नसते. डेबियन-उबुंटूवर पॅकेजचं नाव लिबएक्ससीबी-कर्सर०. तरीही उलगडलं नाही, तर क्यूटी_डीबग_प्लगइन्स=१ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवून प्रोग्राम चालवा; कोणतं प्लगइन कशामुळे नाकारलं ते टर्मिनलवर येतं.

तुमच्या मैत्रिणीलाही एक सांगून ठेवा : अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर एलडीडी कधीही चालवू नये. काही परिस्थितीत ती यादी काढण्यासाठी तो प्रोग्रामच चालवते. तिथे ऑब्जडम्प -पी ही फाइलमधली माहिती छापणारी आज्ञा वापरून ‘नीडेड’च्या ओळी वाचाव्यात. त्यात फक्त थेट लागणाऱ्या लायब्रऱ्या दिसतात, पण फाइल नुसती वाचली जाते, चालत नाही.

प्रोग्राम आणखी कुणाला देण्याआधी मी पूर्ण यादी वेगळ्या वाटेने काढते. तो तुमच्याच मशिनवर चालू करा, फोटो उघडा, प्रिंटची खिडकी उघडा, आणि मग प्रॉकमधल्या (चालू प्रोग्रामांची माहिती देणारं लिनक्सचं फोल्डर) त्याच्या प्रोसेस क्रमांकाच्या फोल्डरातली ‘मॅप्स’ फाइल वाचा. त्या क्षणी मेमरीत असलेली प्रत्येक लायब्ररी तिथे पूर्ण पाथसकट दिसते. तुमच्या बाबतीत लिबक्यूजेपेग मुद्दाम शोधा. जेपेग वाचणारं हे प्लगइन ‘इमेजफॉरमॅट्स’ फोल्डरमध्ये असतं. ते नसलं तर प्रोग्राम बंद पडत नाही, फक्त जेपेग फोटो उघडत नाहीत.