दर आठवड्याला एक लहान काम, पण पूर्ण

तुमचे पत्र मिळाले. सांगली जिल्ह्यातील एका विनाअनुदानित शाळेत तुम्ही चार वर्षे विज्ञान शिकवत आहात, बी.एस्सी. आणि बी.एड. झाले आहे, वडील गावात दूध संकलन केंद्र चालवतात आणि आता तुम्हाला ई-लर्निंगच्या क्षेत्रात इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणून, म्हणजे ऑनलाइन कोर्सची आखणी आणि लेखन करणारी म्हणून, काम करायचे आहे. पुण्यातील एका मुलाखतीत कामाचे नमुने मागितले गेले तेव्हा तुमच्याकडे दाखवण्यासारखे काही नव्हते. म्हणून मोठ्या फीचा सहा महिन्यांचा कोर्स करावा, की दर आठवड्याच्या सराव-आव्हानांत भाग घेऊन नमुने स्वतःच तयार करावेत, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत आव्हानांच्या बाजूने आहे. मात्र बहुतेक जण ती ज्या पद्धतीने करतात, ती पद्धत मला मान्य नाही.

या प्रकारातला सर्वांत परिचित उपक्रम ई-लर्निंगची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आर्टिक्युलेट या अमेरिकी कंपनीचा आहे. २०१३ पासून दर आठवड्याला एक छोटा विषय दिला जातो. कधी नुसती बटणांची रचना, कधी ओढून योग्य जागी ठेवण्याचा प्रश्न, कधी एखादा संवाद. अशी चारशेहून अधिक आव्हाने आजवर झाली असून जुन्यांपैकी कोणतेही केव्हाही सोडवता येते. त्यांचा खरा उपयोग आवाका मर्यादित ठेवण्यासाठी होतो. नवखा माणूस चाळीस मिनिटांचा कोर्स करायला घेतो आणि तिसऱ्या स्क्रीनवर सोडून देतो. शिक्षकांच्या बाबतीत तर हे हमखास घडते, कारण त्यांना अख्खा धडा शिकवायची सवय असते. चार स्क्रीनचे काम रविवारी रात्री संपवायचेच आहे, असे ठरले की काय वगळायचे हे शिकावे लागते.

दोष असा की आठवडाभराचा वेळ रंग, चित्रे आणि ॲनिमेशन यांतच जातो. तुमच्याकडे मात्र विषय घरातच आहे, म्हणून त्यावरून सांगतो. सकाळचे संकलन चालू आहे, रांगेत दहा जण आहेत. एका शेतकऱ्याच्या गायीच्या दुधाला काल ३.८ फॅट (स्निग्धांशाची टक्केवारी, जिच्यावर दुधाचा भाव ठरतो) लागली होती, आज २.९ लागली आणि तो चिडला आहे. केंद्रावर नव्याने बसलेल्या मुलाने काय करावे? लागलेली फॅट लिहून पुढच्याला बोलवावे, वाद नको म्हणून कालचाच आकडा टाकावा, की कॅनमधले दूध प्लंजरने नीट ढवळून दुसरा नमुना काढावा? आता दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवले की ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ अशी लाल पट्टी दाखवणे हे डिझाइन नव्हे. त्या मुलाला दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवा: रांगेतले आणखी तिघे ‘आम्हालाही कालचीच लाव’ म्हणत आहेत, डेअरीत तपासलेल्या दुधाची फॅट केंद्राच्या नोंदींशी जुळत नाही आणि तो फरक केंद्राला सोसावा लागतो आहे. तिसरा पर्याय निवडणाऱ्यालाही लगेच शाबासकी देऊ नका. दुसऱ्या नमुन्यालाही २.९ च लागली, तर पुढे काय? तेव्हा शेवटची धार वासराला सोडली होती का, हे विचारता आले पाहिजे, कारण शेवटच्या धारेत फॅट सर्वांत जास्त असते. असे दोन स्तरांचे चार स्क्रीन लिहायला तुम्हाला आठवडा लागेल, आणि त्यात चित्र एकही नसले तरी चालेल.

शाळेतली एक सवय मात्र मोडावी लागेल. फळ्यावर लिहिलेलेच वाक्य आपण वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो. पडद्यावर चित्र, निवेदन आणि त्याच निवेदनाचा पूर्ण मजकूर एकत्र आला की शिकणाऱ्याचे लक्ष विभागते, असे रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मजकुराची सोय हवीच, पण ती हवी तेव्हा चालू करता येईल अशी ठेवावी.

साधनांवर सध्या पैसे घालवू नका. स्टोरीलाइन हे आर्टिक्युलेटचे कोर्स बांधण्याचे सॉफ्टवेअर ज्या संचात मिळते त्याची वार्षिक वर्गणी हजार डॉलरच्या वर जाते. ते काही दिवस मोफत वापरून पाहता येते, ती मुदत आजच सुरू न करता तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवा. तोवर एचफाइव्हपी (H5P) हे मुक्त साधन पुरेसे आहे. लुमी या मोफत संपादकातून ते स्वतःच्या लॅपटॉपवर वापरता येते, आणि वरच्यासारखा फाटे फुटणारा प्रसंग त्यात बांधता येतो.

बारा आठवड्यांत बारा कामे होतील, पण पोर्टफोलिओत, म्हणजे मुलाखतीत दाखवायच्या नमुन्यांच्या संचात, त्यांतली तीनच घ्या, तीही दुसऱ्यांदा केलेली. प्रत्येक काम एका खऱ्या माणसाला करायला द्या, शेजारी बसा आणि तो अडला तरी माऊसला हात लावू नका. (शिक्षकाला हे फार जड जाते, मलाही गेले होते.) तो कुठे अडला आणि त्यावरून तुम्ही काय बदलले, हे कामाखाली पाच-सहा ओळींत लिहा. मुलाखत घेणारे मला अनेकदा सांगतात की देखणे नमुने पुष्कळ येतात, पण अमुक निर्णय का घेतला असे विचारले की उमेदवार गप्प होतो. त्या पाच-सहा ओळी तिथे उपयोगी पडतील.

कोर्सचा निर्णय या तीन महिन्यांनंतर घ्या. तेव्हा आपल्याला नेमके काय येत नाही हे तुम्हाला ठाऊक असेल आणि फी कशासाठी भरतो आहोत ते कोर्स चालवणाऱ्यांना विचारता येईल. कदाचित सहा महिन्यांच्या कोर्सऐवजी स्टोरीबोर्ड (कोर्सचा स्क्रीनवार आराखडा) लेखनाचा एखादा छोटा वर्गही पुरेल. शाळेची नोकरी तोवर सोडू नका. शनिवारची दुपार आणि रविवार एवढा वेळ या कामाला पुरतो. पहिल्या आठवड्यात तर लॅपटॉप उघडायचीही गरज नाही. दोन-तीन दिवस संध्याकाळच्या संकलनाला वडिलांच्या शेजारी उभ्या राहा आणि फॅटवरून होणारे वाद, ज्याच्या त्याच्या शब्दांत, वहीत लिहून घ्या.