रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी येते, फिल्टर बसवू का?

तुम्ही लिहिलंय की डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवल्यापासून स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, रेस दिली की तिची पट्टी चढते, इंजिन बंद केलं की गायब. आणि दुकानदार नॉइज फिल्टर लावा म्हणतोय.

फिल्टर आत्ताच घेऊ नका. रेसबरोबर चढणारा आवाज अल्टरनेटरचा. त्यात एसी करंट तयार होतो, डायोड त्याचा डीसी करतात, पण थोडी लहर मागे उरतेच. ती प्रत्येक गाडीत असते, ऐकू मात्र येत नाही. स्टिरिओची अर्थ (निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात ती) डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पची डिकीत, आणि दोघांमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक पडला तरी करंट आरसीए केबलच्या (स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे गाणं नेणारी केबल) बाहेरच्या जाळीतून वाट काढतो. मग ती लहर गाण्यात मिसळते. फिल्टर फार तर ती दाबेल, अर्थ तशीच कच्ची राहील.

आधी आवाज कुठून शिरतोय ते बघा. इंजिन चालू ठेवून व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे आरसीए किंवा अ‍ॅम्पच्या बाजूला शिरतेय. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होत असेल तर दोष आधीचा, म्हणजे स्टिरिओत किंवा त्याला जोडलेल्या फोनकडे आहे. फोन चार्जरला आणि ऑक्स केबलला एकाच वेळी जोडलेला असतो का? चार्जर काढून ऐका. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच मिटतो.

शिट्टी तरीही असेल तर सिस्टीम बंद करून अ‍ॅम्पकडचे आरसीए काढा आणि पुन्हा चालू करा. (चालू सिस्टीममध्ये आरसीए काढघाल करू नका. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थला बारीकसा फ्यूज असतो, तो उडाला की हीच शिट्टी नव्याने सुरू होते.) आरसीए काढूनही आवाज आला तर दोष अ‍ॅम्पच्या पॉवर-अर्थमध्ये किंवा अ‍ॅम्पमध्येच. गेला, तर चार्जरला न लावलेला फोन थेट अ‍ॅम्पला जोडून बघा. तेव्हा शांत असेल तर केबल किंवा स्टिरिओ तपासा.

माझा पहिला संशय अ‍ॅम्पच्या अर्थवरच. फिटिंगवाले घाईत असतात. डिकीतला हाताला येईल तो बोल्ट धरतात आणि थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) सरळ रंगावर कसतात. रंग म्हणजे इन्सुलेशन. करंट जातो तो बोल्टच्या चार आट्यांतून. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने खालचा रंग आणि प्रायमर घासा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. थिंबल नीट दाबलेलं हवं, नुसती पिळलेली वायर नको. कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा, नाहीतर एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. कोकणात त्याहून लवकर. अर्थ वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत असावी. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र अर्थ घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

मल्टीमीटर असेल तर गाणं मोठ्याने लावून अ‍ॅम्पची अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातलं डीसी व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ कच्ची आहे.

आरसीए आणि पॉवर केबल एकाच बाजूने, एकाच टेपमध्ये गुंडाळलेल्या असतील तर वेगळ्या करा. एक डावीकडून, एक उजवीकडून. कुठे एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. हे काम कंटाळवाणं आहे, दाराखालची सिल प्लेट आणि कार्पेट उचलावं लागतं, म्हणून दुकानात टाळतात.

एवढं करूनही शिट्टी राहिलीच तर इंजिन चालू असताना बॅटरीवर मल्टीमीटर एसी व्होल्टेजला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याची दाट शक्यता. मग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, ऑडिओवाल्याकडे नाही. डायोड ठीक असेल, अर्थ आणि केबल तपासून झालं असेल, तरच आरसीएवर लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर (जाळीतून जाणारी करंटची वाट तोडणारा) घ्या. स्वस्तातल्याने बास थोडा पडतो, आणि सबवूफर हौसेने बसवलाय म्हणजे तो तुम्हाला चालणार नाही.